जाड पूड

महाडच्या माझ्या घरात, मागच्या गॅलरीत, दगड घासायचं एक छोटं मशीन आहे. लेकीने मागवून दिलं. हाताएवढा रबरी डबा, त्यात दगड, पाणी आणि घासायची खरखरीत पूड घालायची, झाकण घट्ट लावायचं आणि बटण दाबायचं. डबा आडवा होऊन दिवसच्या दिवस फिरत राहतो आणि आतले दगड एकमेकांवर घासून गुळगुळीत होतात. रोज दुपारी मी ते पाच मिनिटं बंद करते. लेकीला वाटतं, मोटर तापू नये म्हणून. जावई म्हणतो, झाकणाखाली वायू धरतो तो सोडायला. दोघांचंही बरोबर आहे आणि मीही त्यांना तेवढंच सांगते. मशीन बंद केलं की मी चपला काढून फरशीवर उभी राहते आणि ऐकते. काही ऐकू आलं नाही की परत चालू करते.

आमची वाडी गारकोंड. पोलादपुरातून महाबळेश्वरकडे जो घाट चढतो, त्याच्या पायथ्याशी एक पायवाट ओढा ओलांडून वर जायची. तिथे उतारावर वीस-बावीस घरं होती, एकाच्या डोक्यावर दुसरं. सगळ्यात वर भागीरथीकाकूंचं घर, त्याच्या खाली दोन घरं सोडून आमचं. शाळा ओढ्याच्या अलीकडे, सपाट सड्यावर. शाळेतले गुरुजी सांगायचे, इथली हवा गार, म्हणून गारकोंड. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे ऐकून हसू यायचं. ते म्हणत, "गार म्हंजे गारगोटी. डोंगरातनं गारा खाली येतात, म्हनून गारकोंड. मास्तराला काय, तो पंख्याखाली बसतो." नाव ज्या कुणी ठेवलं त्याने काहीतरी डोळ्याने बघून ठेवलं असणार, एवढं पुढचं आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही. दुरून डोंगर साजरे ही म्हण करणारा माणूस नक्की डोंगराखाली राहून गेलेला असणार, असं मला आता वाटतं.

आबा घाटरस्त्यावर मैलकामगार होते. रस्त्याचा ठरावीक तुकडा त्यांच्या ताब्यात. गटार मोकळं करायचं, खड्डे भरायचे, पावसात कोसळलेली माती बाजूला करायची. आयुष्यभर दगड उचलून माणसाला दगडांचा वीट यावा, तर यांना नाद लागला. एकदा सर्वेक्षणाला कुणी साहेब आले होते, ते महिनाभर आबांना बरोबर घेऊन डोंगर हिंडले आणि जाताना दगड घासायची कृती कागदावर लिहून देऊन गेले. काळ्या कातळात कुठे कुठे पोकळी असते, नारळासारखी, आणि ती फुटली की आत दातांसारखे स्फटिक. बहुतेक पांढरे. पण एखादी पोकळी जांभळी निघते. साहेबांनी त्याचं इंग्रजी नाव सांगितलं होतं, ते आबांच्या जिभेवर कधी बसलं नाही. ते जांभळी गार म्हणत आणि मीही अजून तेच म्हणते. सापडलेली गार ते कधी विकत नसत. पाहुणा आला की हातावर एक ठेवायचे आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. पाहुणा नुसतं "वा" म्हणाला की त्यांना बरं वाटत नसे. तो गप्प झाला तरच समाधान.

घासायचं साधन त्यांनी स्वतःच बनवलं होतं. तेलाचं एक बुटकं लोखंडी पिंप, त्याला आतून ट्रकच्या ट्यूबचं रबर चिकटवलेलं. ते दोन लोखंडी नळ्यांवर आडवं ठेवलेलं आणि गिरणीतून मोडीत निघालेल्या लहान मोटरीच्या पट्ट्याने फिरायचं. वीज तर काय, आली तर आली. म्हणून पिंपाला एका बाजूने दांडा बसवला होता. वीज गेली की घरात जो कुणी असेल त्याने हातातलं काम टाकून दांडा फिरवायचा, कारण पिंप थांबलं की आतली पूड तळाशी बसते आणि घट्ट होते. आधी जाड पूड आठवडाभर, मग मधली, मग बारीक, आणि शेवटी भाताचं तूस घालून चकाकी. प्रत्येक पुडीच्या मध्ये दगड, पिंप, झाकण सगळं ओढ्यावर नेऊन तीन-तीनदा धुवायचं. जाड पुडीचा एक कण जरी राहिला तरी पुढच्या सगळ्या आठवड्यांची माती, असं आबा प्रत्येक वेळी सांगत. घासलेल्या दगडांना ऊन दाखवायचं नाही हाही नियम होता. उन्हात जांभळा रंग उडतो. आईने एकदा कुळथाबरोबर चार गारा अंगणात वाळत घातल्या होत्या, तर दोन महिन्यांत त्या पाण्यासारख्या फिक्या झाल्या. आबा तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत आणि तिने त्या दोन दिवसांत त्यांना फक्त कुळथाचं पिठलं घातलं.

जाड पूड घातली की घर नुसतं घरघरायचं. मधल्या पुडीला आवाज उतरायचा, बारीक पुडीला पाऊस लांबून यावा तसा व्हायचा. या आवाजात मी अभ्यास केला, आईने भाकऱ्या थापल्या, सुकटीची चटणी रगडली, मांजरीने पिलं घातली. आवाज थांबला तरच आम्हाला जाग यायची. फडताळात घासलेल्या गारांनी भरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा असायचा. जाड पुडीच्या आठवड्यात तो आपसूक किणकिणायचा. पाहुण्यांना ते विचित्र वाटे, आम्हाला नाही.

भागीरथीकाकूंना मात्र पिंपाचा मनस्वी राग. त्या आमच्या भावकीतल्या, पंचावन्न-साठीच्या, अंगाने काडी आणि आवाजाने नगारा. घरात त्या आणि नाना, दोघंच. नानांचा एक पाय वाऱ्याने गेला होता. ते चुलीपाशी बसून बांबूच्या टोपल्या विणायचे आणि काकूंचं बोलणं ऐकून घ्यायचे, दोन्ही कामं सारख्याच शांतपणे. काकूंची तक्रार अशी की आमचं पिंप त्यांच्या घराखाली वाजतं. "गोविंदा, माज्या उशाखाली घरघरतंय रे तुजं पिंप. भुईतनं येतंय." आबांनी पिंपाखाली गोणपाटं घातली. मग पिंप पडवीतून मागच्या खोपीत नेलं. काकू परत आल्या. "अजून येतंय." दोन घरं मधे असताना, वर चढाला, आवाज जाणार कसा हे आबांना कळेना. पण भांडण वाढवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "येत असंल, वैनी," ते म्हणाले, "कातळातनं आवाज लांब जातो." आणि त्यांनी काकूंना एक गार दिली. काकूंनी ती घेतली, कनवटीला लावली आणि आणखी दोन वाक्यं सुनावून गेल्या. पुढे पुढे वरच्या चारही घरांतली माणसं म्हणू लागली की गोविंदाचं पिंप इथवर ऐकू येतं. आबा त्या दिवसांत जरा खजील आणि थोडे फुशारलेलेही असायचे. आमच्या पिंपाची वाडीभर ख्याती झाली होती. भुईतून कसलाही आवाज आला तरी आता त्याला एक नाव तयार होतं.

आणखी एक गोष्ट आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. घाटात काम करणाऱ्यांचा एक नियम असतो आणि आबांनी तो आम्हाला पाढ्यासारखा शिकवला होता. डोंगराला नवी चीर दिसली की आधी सांगायचं, मग दुसरं काम. चीर हाताएवढी असो की बोटाएवढी. मला तो नियम पाठ होता.

त्या वर्षी मी दहावीत होते. पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता, म्हणून शाळेला सुट्टी होती. घाटात मातीचे ढीग येत होते, त्यामुळे आबा रविवारपासून वरच्या चौकीवरच मुक्कामाला होते. सोमवारी सकाळी मी टाकळ्याची भाजी खुडायला काकूंच्या घराच्या वर, नाचणीच्या माळावर गेले. तिथे गवतातून एक चीर आडवी गेलेली दिसली. लांब होती, माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि माझा हात आत जाईल इतकी रुंद. पाणी तिच्यात उतरत होतं, पण खालून कुठून निघत नव्हतं. मी वाकून आत बघितलं. चिरेने कातळातली एक पोकळी मधोमध दुभंगली होती. वरच्या काठाला अर्धी, खालच्या काठाला अर्धी, समोरासमोर, उघड्या शिंपल्यासारखी. आणि दोन्हींत जांभळे दात. आबांनी आजवर आणलेल्या कुठल्याही गारेचा रंग इतका गडद नव्हता. पिकल्या जांभळाच्या आतला, जिभेवर उरतो तो रंग. मी खुरप्याने खालची अर्धी काढायचा प्रयत्न केला. ती हलली नाही.

नियम आठवला नाही असं मी म्हणणार नाही. आठवला. पण आबांना सांगितलं तर ते माळावर येणार, दोरी बांधणार, कुणाला फिरकू देणार नाहीत. मग गार गेली. आणि दुसरं, जास्त खरं: पिंपात आजवर पडलेला प्रत्येक दगड आबांनी शोधलेला होता. मी धुणारी, फिरवणारी, वाळवणारी. दगडांचा एक घाणा तरी असा हवा होता की आबा घाटातून आल्यावर मी पिंप उघडेन आणि ते गप्प होतील. गार निघेपर्यंत चार दिवसांचा तर प्रश्न आहे, असा मी हिशेब केला. टाकळा खुडून मी घरी आले आणि कुणाला काही बोलले नाही.

मंगळवारी मी आणि आईने पिंप उघडलं. आतला घाणा पूर्ण झाला होता. दगड, पिंप, झाकण सगळं धुतलं आणि पिंप खोपीत उपडं घालून ठेवलं. दिवसभर ते रिकामं होतं. दुपारी काकू डोक्यावर इरलं घेऊन तणतणत आल्या. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "काय घातलंय गो आज त्यात? सकाळपासनं माजी भांडी हालतायत. नानांना च्याचा कप धरवंना."

आई आत भात वेळत होती. मी पडवीत होते. पिंप बंद आहे, रिकामं आहे, उपडं आहे, हे मला माहीत होतं. खोपीचं दार उघडून दाखवलं असतं तर दहा पावलांचं काम. पण काकू चिडल्या की बोलायच्या फार मजेदार आणि मला त्यांची थट्टा करायची लहर आली.

"आज जाड पूड घातलीय, काकू," मी म्हटलं. "अगदी जाड."

"घाला, घाला. माजं घर पडलं म्हंजे कळंल." असं म्हणून त्या वर गेल्या. मी खूप हसले. आईने आतून विचारलं काय झालं, तर म्हटलं, काही नाही, नेहमीचंच.

या हसण्याचा आवाज मला आजही येतो. मशीन बंद करून मी जे ऐकते त्यात तोही असतो, हे लेकीला कसं सांगणार.

बुधवारी मी माळावर गेले. चीर रुंद झाली होती, आता मांडी आत जाईल इतकी. पण मला भलतीच गोष्ट दिसली. पोकळीच्या दोन अर्ध्या सोमवारी समोरासमोर होत्या, त्या आता नव्हत्या. खालची अर्धी वीतभर खाली उतरली होती. आता हात सरळ तिच्या मागे जात होता. मला आनंद झाला. खरं सांगते, आनंद झाला. डोंगर माझ्यासाठी ती सोडवून देतोय असं वाटलं. तरी त्या दिवशी ती निघाली नाही. गुरुवारी सकाळी ती आणखी खाली होती आणि नुसत्या ओढण्यासरशी हातात आली. मी ती परकराच्या ओच्यात लपवून घरी आणली, खोपीत हातोडीने फोडली, चांगले अकरा तुकडे निवडले, आबांच्या राहिलेल्या दगडांबरोबर पिंपात घातले, पाणी घातलं, जाड पूड घातली आणि मोटर चालू केली. पिंप घरघरू लागलं. मंगळवारचं खोटं दोन दिवसांनी खरं झालं, असं मनात येऊन मला जरा मोकळं वाटलं.

दुपारची जेवणं झाली होती. तांदळाची भाकरी, टाकळा आणि भाजलेली सुकट. आई भांडी घासत होती, मी पुस्तक घेऊन पडवीत बसले होते. वीज गेली. आई आतून म्हणाली, "सुमे, दांडा फिरव जा." मी पुस्तक पालथं घातलं आणि खोपीत गेले. दांड्याला हात घातला. पिंप थांबलेलं होतं. मोटर थांबलेली होती. पट्टा सैल पडला होता.

आणि घरघर चालूच होती.

मी हात काढून घेतला, परत ठेवला. पिंप गार आणि स्थिर. आवाज पायांतून येत होता. तळव्यांतून पोटऱ्यांत, पोटऱ्यांतून दातांत. घरात फडताळातला डबा किणकिणत होता. खोपीच्या कोपऱ्यात पाण्याची बादली होती, तिच्यातल्या पाण्यावर बारीक बारीक वलयं उठत होती. मी किती वेळ उभी होते ठाऊक नाही. फार नसेन. आईला हाक मारली तेव्हा माझा आवाज इतका साधा निघाला की तिला काही कळेना. "आये, पिंप बंद हाय."

ती आली, दांड्याला हात लावला, माझ्याकडे बघितलं. आई मैलकामगाराची बायको होती, तिला दुसरं काही सांगावं लागलं नाही. "खालच्यांना मी सांगते, वरच्यांना तू. सगळी शाळेवर," एवढं म्हणून ती पदर खोचून पावसात पळाली. मी वर पळाले. मधल्या दोन घरांतली माणसं माझ्या ओरडण्याने नाही, तोंडाकडे बघून बाहेर पडली. काकूंच्या शेजारची दोन्ही घरं पोरांना काखोटीला मारून उतरू लागली. काकू मात्र दारात उभ्या, हातात फुंकणी.

"काकू, चला. डोंगर वाजतोय."

"डोंगर कुटला? पिंप हाय तुज्या बापाचं."

"पिंप बंद हाय, काकू. वीज गेलीय."

"मग दांडा फिरवत असंल कुनी." त्या पाठ फिरवून चुलीकडे वळल्या. "तूच म्हनालीस ना परवा, जाड पूड घातलीय म्हनून? आठ दिवस वाजायचंच ते. मला सवय झाली आता."

नाना चुलीपाशी टोपलीच्या काड्या दातात धरून माझ्याकडे बघत होते. त्यांच्यापुढे भाताचा टोप रटरटत होता आणि त्यावरची झाकणी थरथरत होती, वाफेनेच असेल असं कुणालाही वाटावं इतकी.

मी म्हटलं, "मी खोटं सांगितलं. मंगळवारी पिंप रिकामं होतं. तुमची थट्टा केली."

काकूंना आधी ते समजलं नाही. मग समजलं आणि त्यांचा चेहरा रागाने लाल झाला. रागच आला त्यांना, भीती नाही. "म्हंजे मला येडी समजतेस? चल. चल, दाखव मला तुजं बंद पिंप. गोविंदाच्या बायकूला इचारतेच मी." त्यांनी इरलंही घेतलं नाही. मी नानांकडे वळले. एका बाजूने काकू, एका बाजूने मी धरलं असतं तर ते उठले असते. पण नाना हसून म्हणाले, "जा गो तू तिच्यासंगं. बघून येऊ दे तिला, नायतर माजं डोकं खाईल. भात मी बघतो." मी म्हणाले, "नाना, तुम्ही पण." ते म्हणाले, "येतो की. तिला पटल्यावर या दोघी मला न्यायला."

आम्ही खाली आलो. काकू पुढे, मी मागे. वाडी रिकामी झाली होती, एक कोंबडी तेवढी पडवीत भिजत उभी होती. काकू खोपीत शिरल्या आणि पिंपावर हात ठेवला. मग दुसरा हात ठेवला. मग हळूच, चटका बसल्यासारखे दोन्ही हात उचलले आणि आपल्या पायांकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांना गप्प झालेलं मी तेव्हा प्रथम पाहिलं. आणि आबांच्या पाहुण्यांची मला आठवण झाली, यासारखी लाजिरवाणी आठवण मला दुसरी नाही.

त्या वळल्या आणि घराकडे निघाल्या. मी त्यांचं मनगट धरलं. त्यांनी सोडवून घेतलं, मी परत धरलं. तेवढ्यात घरघर थांबली. पूर्ण थांबली. पावसाचाही आवाज नव्हता असं आठवतं, पण तसं असणं शक्य नाही. मग वरच्या माळावरची झाडं उभीच्या उभी खाली येताना दिसली. काही वेळ ती पडली नाहीत, नुसती चालत आली. नंतरचा आवाज मला लिहिता येत नाही. वास लिहिता येतो. पिंप उघडल्यावर येतो तसा, भरडलेल्या ओल्या दगडाचा, फक्त सगळ्या दऱ्याखोऱ्याला पुरून उरेल इतका. आई कुठूनशी आली होती, तिने आम्हा दोघींना दंडाला धरून ओढ्यापलीकडे ओढत नेलं. मागे वळून बघितलं तेव्हा वरची पाच घरं नव्हती. माती आमच्या खोपीला टेकून थांबली होती.

माणूस एकच गेलं. सगळे म्हणत, देवाची कृपा, बावीस घरांत एकच.

मग आम्हाला पोलादपूरच्या खाली, रस्त्याकडेला पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. आमची एक आणि लागून काकूंची, मधे फक्त पत्रा. काकू भेटेल त्याला सांगायच्या, "सुमीनं मला ओढून बाहेर काढलं. ही नसती तर मी बी गेले असते." बाया माझ्या तोंडावरून हात फिरवायच्या. शाळेत माझ्या हातात नारळ दिला. मी तो घरी आणून कोपऱ्यात ठेवला. आईने दोनदा विचारलं, फोडू का, मी नको म्हणाले. शेवटी तो आतून नासला.

आबा तिसऱ्या दिवशी घाटातून चालत आले होते. आले ते सरळ माळ होता तिथवर चढून गेले आणि संध्याकाळी उतरले. पत्र्याच्या खोलीत पुरुषमाणसं जमली होती, त्यांना त्यांनी एवढंच विचारलं, "चीर दिसली असंल की कुनाला तरी. एका दिवसात नाय पडत असा डोंगर." सगळ्यांनी माना हलवल्या, नाही दिसली. आबांनी माझ्याकडेही बघितलं. मीही मान हलवली.

घर वाचलं होतं म्हणून सामान आणता आलं. आबांनी पिंपही आणलं, मोटर तिथेच टाकून. मला वाटलं, फेकून देतील. पण पंधरा दिवसांनी काकू पत्र्यापलीकडून म्हणाल्या, "गोविंदा, तुजं पिंप गप का?"

आबा म्हणाले, "नको आता ते, वैनी."

"मला झोप लागंना रे. दुपारी पडलं की नुसतं ऐकू येतं, काय नाय ते ऐकू येतं. त्याचा आवाज असला तर मला कळंल तरी, की पिंपच हाय."

आबांनी उठून पिंप दारात ओढलं आणि आधी बघावं म्हणून झाकण उघडलं. आतला चिखल घट्ट झाला होता. त्यांनी बोटांनी तो उकरला आणि एक दगड काढून पाण्यात बुडवला. जांभळा. दुसरा काढला. तिसरा काढला. मी चुलीशी होते, मला उठून जाता आलं असतं. त्यांनी तो तिसरा तुकडा उजेडाकडे धरला, त्याची तुटलेली कड अंगठ्याने चाचपली. ताजा तुटलेला दगड आणि जुना तुटलेला दगड यातला फरक आबांना अंधारातही कळायचा.

"कुटला ह्यो?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही.

"माळावरचा."

"कदी?"

"गुरुवारी." मग मी म्हटलं, "दिसला सोमवारी."

आईच्या हातातली भाकरी तव्यावर करपली, ती तिने उलटली नाही. मी वाट बघत होते की आबा मारतील, मी वाट बघत होते की ते पत्र्यापलीकडे जाऊन सांगतील. त्यांनी दगड एक एक करून धुतले. अकराही. धुऊन परत पिंपात घातले, पाणी घातलं, मोजून जाड पूड घातली, आणि झाकण इतकं घट्ट लावलं की त्यांच्या बोटांची पेरं पांढरी झाली.

"काय रे गोविंदा," काकू पलीकडून म्हणाल्या, "लावतोस ना?"

"लावतो, वैनी." आबांनी दांडा माझ्याकडे केला. "ये. फिरव."

मी फिरवू लागले. दगड पहिल्यांदा ठोकरले, मग एकमेकांत बसले आणि घरघर सुरू झाली. पत्र्यापलीकडे बाजेची करकर झाली, काकू आडव्या झाल्या असाव्यात. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, झोपेने जड झालेला.

"हां. हे पिंपच हाय."

मी थांबले नाही. त्या पावसाळ्यात रोज दुपारी मी दांडा फिरवला, जाड, मग मधली, मग बारीक, आणि काकू रोज झोपल्या.